ताप असेल तर घरी बसा म्हणे! आणि खाडा कोण भरणार?

पावसाळा लागला की दर वर्षी तेच मेसेज फिरायला लागतात. सर्दी-ताप असेल तर कामावर जाऊ नका, चारचौघांना प्रसाद वाटू नका, वगैरे. म्हणणं बरोबरच आहे. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरतो आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे नेमके तेच दिवस, जेव्हा आपण "काही नाही, एक डोलो घेतली की बरं वाटेल" म्हणत बस पकडतो. त्याबद्दल माझा वाद नाही. पण हा उपदेश कायम आजाऱ्यालाच का? ज्याच्या हातात त्याची हजेरी असते त्याला कधी कोणी काही सांगत नाही.

मी पगारपत्रकं करते, चाकणच्या बाजूला कंत्राटी कामगार पुरवणाऱ्यांची. समजा एखाद्याचा महिन्याचा पगार 15,600. भागिले कामाचे 26 दिवस, म्हणजे रोजचे 600. वर पूर्ण हजेरीचा भत्ता 1,000, आणि एक दिवस जरी चुकला तरी तो सगळाच्या सगळा जातो. म्हणजे पहिल्या दिवशीचा ताप 1,600 ला पडतो, पुढचे दिवस सहाशे-सहाशेला. ज्या दिवशी त्याने हटकून घरी राहायला हवं, तोच दिवस सगळ्यात महाग! खोलीचं भाडं आणि गावाकडे पाठवायचे पैसे डोक्यात असलेला पोरगा काय करेल? गोळी घेतो आणि लाइनवर उभा राहतो. आठवड्याभरात त्याच्या खोलीतली पोरं खोकायला लागतात, मग शेजारच्या मशीनवरची. आणि सुपरवायझर मलाच फोन करून विचारतो, "मॅडम, या महिन्यात एवढे अ‍ॅबसेंट कसे?"

"पण ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहे ना त्यांना?" आहे की. 21,000 पर्यंत पगार असलेल्याला लागू, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के दर महिन्याला जातात. आजारपणात रोजाच्या सरासरीच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मोठं दुखणं निघालं तर त्याचा खरोखर आधार होतो. पण पहिल्या दोन दिवसांचं काही मिळत नाही, नियमच तसा आहे. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस झाले नसतील तरच सूट. तेव्हा वरच्या हिशोबात तीन दिवसांच्या तापात गेले 2,800 आणि परत आले साधारण 420. तेही अंगात ताप घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभं राहून सर्टिफिकेट आणलं तर. बहुतेक जण म्हणतात, जाऊ द्या मॅडम.

दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, आजारपणाची अशी वेगळी रजा नाही. त्या आठांतच भावाचं लग्न, कुणाचं दहावं, पोराच्या शाळेतली मीटिंग आणि ताप. चार माणसांच्या दुकानाला तर तेवढंही बंधन नाही.

आता आपण, एसीत बसणारे. आपल्याला रजा असतात, तरी आपण येतो. "एवढा ताप होता, पण अंगावर काढला" हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात, विशेषतः अप्रेझल जवळ आलं की. साहेबच नाक पुसत मीटिंग घेत असतील तर खालच्याची काय बिशाद घरी राहायची! इथे मात्र मला काडीची सहानुभूती नाही. रजा शिल्लक आहे, पगार कापला जाणार नाही, तरी बंद खोलीत खोकायला येणारा माणूस मला कष्टाळू वाटत नाही, बेफिकीर वाटतो. (2020 नंतर आणखी एक खूळ निघालंय. ताप आहे? बरं, मग आज घरून कर.)

लोक खोटं बोलून रजा घेतात, हा आक्षेप येणारच. घेतात ना! माझ्या फायलीत एकाच डॉक्टरांच्या अक्षरातली "व्हायरल फीवर, तीन दिवस विश्रांती" अशी सर्टिफिकेटं कितीतरी आहेत, आणि गावची जत्रा नेमकी त्याच आठवड्यात. मी हसते आणि फायलीला लावते. जत्रेला गेलेल्याला पकडायच्या नादात खऱ्या तापलेल्या माणसाला आपण रांगेत उभं करतो, त्यापेक्षा एखादी जत्रा भरपगारी गेलेली परवडली.

हे कुठवर जातं ते ऊसतोडीत दिसतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशोब, आणि दिवस चुकला की खाड्याचा दंड. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून 2019 मध्ये गदारोळ झाला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात खाजगी दवाखान्यांचा धंदा होता, कॅन्सरची घातलेली भीती होती. पण दुखण्यापायी खाडा परवडत नाही, हेही त्या बायका सांगत होत्या.

ऊस लांब राहिला, आपल्या स्वयंपाकघरात या. 2023 च्या जुलैत आळंदीकडून डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघालं: डोळे आलेल्या कामवाल्या बायकांना गेटमधून आत सोडू नये. भराभर अंगठे पडले. मी विचारलं, त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत ना? बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, तो ज्याचा त्याचा प्रश्न. एक काकू म्हणाल्या, सुट्ट्या दिल्या की सवय लागते. काकू बँकेतून रिटायर झाल्यात, मेडिकल लीव्ह काय असते ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

दोन दिवसांनी आमच्या मावशी काळा गॉगल लावून आल्या. नवऱ्याचा असावा, सारखा नाकावरून घसरत होता आणि त्या साबणाच्या हाताने वर सारत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ऊन लागतंय ताई." भर पावसात, ओट्यासमोर! मी म्हटलं, घरी जा, पैसे कापणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही कापणार हो. पण वरच्या चार घरांचं काय?"

त्या चार घरांशी मी बोलले. दोघांनी लगेच हो म्हटलं. उरलेल्या दोन घरांत मावशी गेल्याच.

या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेवर एक ओळ घालायला दिली होती: घरकामाच्या बाई आजारी असतील तर त्यांनी येऊ नये आणि त्यांचे पैसे कापू नयेत. सेक्रेटरी म्हणाले, हा सोसायटीचा विषय होत नाही. गेटवर अडवायचा झाला होता तो?