आवडलं म्हणजे आलं का?

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे, व्हिडिओ लेक्चर्सना उगाच नावं ठेवतो, आणि तुमच्या वर्गातली मुलं फीडबॅक फॉर्ममध्ये व्हिडिओंचं भरभरून कौतुक करतायत, मग रिसर्चचं काय घेऊन बसलाय.

माझा आक्षेप व्हिडिओवर नाहीच, त्या फॉर्मवर आहे. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली आला. टॉपिक तोच, हँडआउट तेच, फक्त एका गटाला मुरलेल्या शिक्षकाचं गुळगुळीत लेक्चर आणि दुसऱ्या गटाला गणितं आधी स्वतः सोडवायला लावली, पुढच्या वेळी गटांची अदलाबदल. टेस्टमध्ये डोकं खाजवलेली मुलं पुढे, पण "मी जास्त शिकलो" असं कोण म्हणालं, तर लेक्चर ऐकणारी! धडपडताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं, आणि दुसरा कोणी सफाईने सोडवून दाखवत असला की ते आपल्यालाच येतंय असं वाटतं. चांगल्या व्हिडिओत तर ही सफाई ठासून भरलेली असते, त्यामुळे तुमचा फॉर्म काय मोजतो ते तुम्हीच बघा.

"रिसर्च दरवर्षी बदलतो" हे तुमचं अर्धं पटलं. लॅपटॉपपेक्षा पेनाने घेतलेल्या नोट्स बऱ्या हा २०१४ चा पेपर सगळीकडे फिरला, नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तर फरक टिकला नाही. मला स्वतःला पेनच आवडतं, तरी मी तो दाखला देत नाही. पण रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचं २००६ चं काम बघा. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते (८१ टक्के विरुद्ध ७५), आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४२. ही गोष्ट वेगवेगळ्या वयात, वेगवेगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा दिसलीय.

म्हणून मी काय करतो, तर व्हिडिओ मध्येच थांबवतो, पुढे काय होईल ते आधी मुलांकडून लिहून घेतो आणि मगच प्ले करतो. शिवाय दर आठवड्याला साधा गुगल फॉर्म, मागच्या टॉपिकवर, मार्क नाहीत, ऑप्शन नाहीत, उत्तर टाईप करायचं. मुलं कुरकुरतात, फीडबॅक घसरतो, हेही सांगून ठेवतो. ऑनलाईन टूल नसतं तर सगळ्यांची उत्तरं दर आठवड्याला वाचणं मला जमलंच नसतं, तेव्हा विरोधक वगैरे म्हणू नका हो.

तुमच्याच वर्गात करून बघा ना. एक टॉपिक नुसता व्हिडिओने, तेवढाच अवघड दुसरा मध्ये थांबवून प्रश्न विचारत, आणि तीन आठवड्यांनी न सांगता दोन्हींवर टेस्ट. निकाल माझ्या विरोधात गेला तरी इथे टाका. फक्त व्हिडिओतलं उदाहरण टेस्टमध्ये जसंच्या तसं देऊ नका, आकडे नाही, परिस्थितीच बदला, नाहीतर नुसतं पाठांतर मोजलं जाईल.