‘पानांचीच तर गोळी आहे’: एका फिरत्या सल्ल्याचा हिशेब

क्रॅटॉम या झाडाच्या पानांच्या अर्काच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: ‘ही कॉफीच्या कुळातल्या झाडाची पानं आहेत, अफू नव्हे. यानं श्वास थांबत नाही. लघवीच्या तपासणीत काही दिसत नाही. सोडायचंच असेल तर फ्लू झालाय असं समजून चार दिवस पडून राहा. डॉक्टरांकडे गेलात तर ते दुसऱ्या गोळीवर जन्मभर अडकवतील. मदत घ्यायची ती ज्यांचं घरदार बुडालंय त्यांनी.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. यातली दोन-तीन विधानं अर्धी खरी आहेत, म्हणून तर मजकूर पटतो. पण मदत घ्यावी की नाही हे ठरवताना जी गोष्ट सगळ्यात आधी बघावी लागते, म्हणजे दोन डोसांच्या मध्ये तुम्हाला किती तास नीट जाता येतात, तिचा यात उल्लेखच नाही.

‘कॉफीच्या कुळातलं झाड.’ खरं आहे. क्रॅटॉम, म्हणजे मिट्राजायना स्पेसिओसा हे झाड, रुबिएसी कुळातलं, कॉफीही त्याच कुळातली. पण कूळ सारखं म्हणून काम सारखं होत नाही. बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले आहेत. आणि मुळात प्रश्न पानाचा नाहीच. वाळलेल्या पानात मुख्य अल्कलॉइड, म्हणजे अंगावर परिणाम करणारं द्रव्य, असतं मिट्राजायनिन. ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन, ज्याला सगळे ७-ओएच म्हणतात, ते वजनाच्या साधारण ०.०१ ते ०.०४ टक्के इतकंच. म्हणजे ५ ग्रॅम पावडरीत अर्धा ते दोन मिलिग्रॅम. आता हातातली गोळी बघा: १५ मिग्रॅ. तेवढं ७-ओएच नुसत्या पानातून मिळवायचं तर ३७ ते १५० ग्रॅम पाला लागेल. इतकी पावडर कुणी एका बैठकीत गिळू शकत नाही, आधी उलटी होते. पानाला स्वतःचा एक लगाम असतो. गोळीत तो काढून टाकलेला आहे.

(इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मिट्राजायनिन पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या काही भागाचं ७-ओएच बनवतं, त्यामुळे वरचा हिशेब पानाचा सगळा परिणाम मोजत नाही. पण ते रूपांतर हळूहळू होतं. गोळीत तयार माल असतो.)

‘अर्क’ हा शब्दही जरा फसवाच आहे. बाजारातल्या बहुतेक तीव्र ७-ओएच गोळ्यांतलं द्रव्य पानातून नुसतं पिळून काढलेलं नसतं. मिट्राजायनिनवर रासायनिक प्रक्रिया करून ते तयार केलेलं असतं. हे रेणू मॉर्फिन जिथे बसतं त्याच म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर (पेशीवरच्या ठरावीक जागेवर) बसतात, आणि ओपिऑइडवरचा, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या द्रव्यांवरचा, उतारा नॅलॉक्सोन त्यांचा परिणाम उलटवतो. ‘अफू नव्हे’ हे वनस्पतिशास्त्रात बरोबर, शरीरात नाही. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं जुलै २०२५ मध्ये तीव्र ७-ओएच उत्पादनांवर नियंत्रित पदार्थ म्हणून बंधन घालावं अशी शिफारस केली, तेव्हाही रोख या तीव्र मालावर असून साध्या पानावर नाही हे स्पष्ट केलं होतं.

पाकीट घेऊन बसा आणि तीन गोष्टी शोधा. एक, आकडा एका गोळीचा आहे की अख्ख्या पाकिटाचा. दोन, ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे किती. ती बऱ्याचदा अर्धी किंवा पाव गोळी असते आणि वापरणारा मात्र अख्खी घेत असतो. तीन, दिलेला आकडा ७-ओएचचा, मिट्राजायनिनचा की सगळ्या अल्कलॉइडांचा मिळून. सोबत ‘स्यूडोइंडॉक्सिल’, ‘टियानेप्टिन’, ‘फेनिबट’ किंवा ‘कावा’ असं दुसरं कुठलं द्रव्य छापलेलं असेल तर तेही लिहून ठेवा. यातलं फेनिबट नेमाने घेऊन एकाएकी बंद केलं तर झटके येऊ शकतात, आणि मग चार दिवस पडून राहण्याचा सल्ला सरळ धोक्याचा ठरतो.

‘श्वास थांबत नाही.’ या दाव्याचं मूळ एका सिद्धांतात आहे. हे रेणू रिसेप्टरवर बसले की बीटा-अरेस्टिन नावाच्या प्रथिनाला फारसं बोलावत नाहीत, आणि श्वास मंदावण्याला ते प्रथिन जबाबदार असावं असं काही काळ मानलं जाई. पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तेच उंदरांवरचे प्रयोग पुन्हा केले तेव्हा ती जबाबदारी सिद्ध झाली नाही. उलट ७-ओएचनं प्राण्यांचा श्वास मंदावतो आणि नॅलॉक्सोननं तो सावरतो, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. सिद्धांत कोसळला, फॉरवर्ड मात्र फिरतच राहिला.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त धोका मिश्रणाचा. दारू, झोपेच्या किंवा चिंतेच्या बेंझो गोळ्या, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, दुसरं कुठलंही ओपिऑइड: यातलं एकही सोबत असेल तर हिशेब बदलतो. शिवाय मिट्राजायनिन यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम जोरात अडवतं. त्यामुळे मेटोप्रोलोलसारखी रक्तदाबाची गोळी, काही नैराश्यविरोधी औषधं आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन रक्तात नेहमीपेक्षा जास्त साचू शकतात.

माणूस हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीनं घासूनही उठत नसेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर आधी रुग्णवाहिका बोलवा. नॅलॉक्सोनचा ४ मिग्रॅ नाकातला फवारा एका नाकपुडीत द्या. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा, दुसऱ्या नाकपुडीत. दरम्यान तुम्हाला जमत असेल तर तोंडानं श्वास द्या. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून ‘उठला, आता ठीक आहे’ म्हणून एकट्याला सोडू नका.

‘तपासणीत दिसत नाही.’ बरोबर. नेहमीची ओपिएट पट्टी मॉर्फिनसाठी बनवलेली असते, ती या रेणूंना ओळखत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची वेगळी चाचणी सांगावी लागते. यातून निघणारा अर्थ मात्र उलटा आहे. तुम्ही बेशुद्ध असाल आणि पट्टी कोरी निघाली, तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतील. घरातल्या निदान एका माणसाला नाव माहीत असायला हवं.

‘फ्लू समजून चार दिवस काढा.’

काहींचं खरंच तेवढ्यात भागतं. आठवड्यातून दोनदा साधी पावडर घेणाऱ्याला कदाचित चार दिवसही लागणार नाहीत. पण दिवसाला सहा-आठ गोळ्या घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि कारण आहे घड्याळ. ७-ओएचचा जोर काही तासांतच उतरतो. पहाटे चारला जाग येते: डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पाय चादरीत एका जागी ठरत नाहीत. उशाशी अर्धी गोळी काढून ठेवलेलीच असते. ती घेतली की वीस-तीस मिनिटांत सगळं शांत. ज्याला ‘दुखण्यावर लागू पडतं’ म्हटलं जातं त्यातला बराच भाग हा टर्की, म्हणजे डोस उतरल्यावर होणारा हा त्रास, मिटवण्याचाच असतो.

शेवटच्या डोसानंतर टर्की साधारण अर्ध्या ते एका दिवसात नीट पकडते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाते आणि शारीरिक भाग आठवडाभरात उतरतो. झोप आणि मन सावरायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि बहुतेक जण परत वळतात ते तिथे. वळताना जुनाच डोस घेतात. सहनशक्ती तोवर उतरलेली असते, आणि कालपर्यंत साधा वाटणारा डोस आता जास्त होऊ शकतो.

स्वतः हळूहळू कमी करायचं तर निदान पद्धत नीट असू द्या. समजा रोज १२० मिग्रॅ, म्हणजे १५ च्या ८ गोळ्या. पहिले तीन-चार दिवस काहीही कमी करू नका; तेवढीच मात्रा ठरावीक वेळांना बांधा. ‘वाटलं तेव्हा’ घेणं हीच मोडायची पहिली सवय. मग दर ३-४ दिवसांनी दिवसाच्या डोसांतून अर्धी गोळी, ७.५ मिग्रॅ, कमी करा. रात्रीचा डोस शेवटी. १२० वरून ६० वर यायला आठ पायऱ्या, म्हणजे सुमारे महिना.

लोक अडखळतात ते यानंतर. १२० मधून ७.५ काढणं म्हणजे ६ टक्के. ३० मधून तेच काढणं म्हणजे २५ टक्के. पायरी कागदावर तेवढीच दिसते, अंगाला चौपट लागते. खालच्या अर्ध्यात पाव गोळीनं उतरा, आणि एका पायरीवर आठवडाभर थांबायला लाजू नका. गोळीचे तुकडे सारखे पडत नाहीत, आतला माल सगळीकडे समान पसरलेला असेलच असं नाही, आणि घरातल्या वजनकाट्याला मिलिग्रॅम दिसत नाहीत. मध्येच पाकीट किंवा ब्रँड बदलला की सगळा हिशेब पाण्यात.

जुलाबांसाठी लोपेरामाइड चालतं, पण पाकिटावरच्या मर्यादेत. टर्की दाबायला ते मुठीनं खाल्लं तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

हा घरचा मार्ग काहींनी घेऊच नये. गरोदर असाल तर एकदम बंदही करू नका आणि डॉक्टरांना न सांगता चालूही ठेवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा; बाळाला जन्मानंतर टर्की लागू शकते आणि त्याची तयारी आधी करता येते. पूर्वी झटके आले असतील, रोज दारू किंवा बेंझो सोबत असेल, हृदयाचा त्रास असेल, तर देखरेखीशिवाय नको. आणि अंगाला खाज, चहासारखी लघवी, डोळे पिवळे असं दिसलं तर त्याच दिवशी यकृताची तपासणी. क्रॅटॉमनं होणारी यकृताची इजा बहुधा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एक ते आठ आठवड्यांत दिसते.

‘दुसऱ्या गोळीवर जन्मभर अडकाल.’ ही दुसरी गोळी म्हणजे बुप्रेनॉर्फिन, ओपिऑइड सोडवताना देतात ते औषध. भीती समजण्यासारखी आहे, पण फरक बघा. बुप्रेनॉर्फिन रिसेप्टरवर घट्ट बसतं आणि त्याला अर्धवटच चालू करतं. मात्रा वाढवली तरी एका हद्दीपुढे परिणाम वाढत नाही. ते शरीरात दिवसभर टिकतं. म्हणजे दर तीन तासांचं घड्याळ जातं, पहाटे चारची जाग जाते. शरीराला त्याची सवय होते, हे खरं, आणि तेही उतरवावंच लागतं. पण दिवसातून एकदा मोजून घेतलेलं औषध आणि दर तीन तासांनी शोधावी लागणारी गोळी या दोन स्थिती एक नाहीत.

सुरुवात चुकली तर मात्र हाल होतात, म्हणून कुणाकडून दोन गोळ्या उसन्या आणून हे करू नये. ७-ओएच अजून रिसेप्टरवर असताना बुप्रेनॉर्फिन घेतलं, तर ते त्याला हुसकावून लावतं आणि तासाभरात भयंकर टर्की आणतं. त्यासाठी साधारण १२ तास किंवा जास्त थांबून, ‘काउज’ नावाच्या ११ लक्षणांच्या तक्त्यावर गुण मोजून सुरुवात करतात. बहुधा गुण ८ ते १२ च्या पुढे गेल्यावर. पहिली मात्रा बहुतेकदा २ ते ४ मिग्रॅ, जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत. गिळली तर फारसा उपयोग होत नाही.

सगळ्यांना बुप्रेनॉर्फिन लागतंच असंही नाही. कमी मात्रेवर असलेल्यांना क्लोनिडीनवर आठवडा काढता येतो. घाम, काटा, धडधड त्यानं कमी होते, पण रक्तदाब उतरतो, म्हणून तो मोजत राहावा लागतो. ओपिऑइडचा परिणाम अडवणारं नॅलट्रेक्सोन हे सोडल्यावर टिकून राहण्यासाठी आहे, सोडण्यासाठी नाही. ओपिऑइडशिवाय ७ ते १० दिवस गेल्यावरच ते सुरू होतं. ‘यातलं काय, किती दिवस आणि उतरवायचं कसं’ हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा डॉक्टर बघा, उपचारच सोडू नका.

‘घरदार बुडालेल्यांनी.’ डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तिकेत व्यसनासाठी ११ निकष आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तीव्र ओढ, कामात हेळसांड, त्रास होतोय हे कळूनही घेत राहणं, वगैरे. १२ महिन्यांत त्यातले दोन जुळले तरी सौम्य पातळी धरतात, चार-पाचांना मध्यम, सहा आणि वर गंभीर. नोकरी शाबूत, घर शाबूत, हप्ते वेळेवर आणि तरी निकष सहा, असं सहज होऊ शकतं.

अजून ठरत नसेल तर तीन दिवस नोंद ठेवा. प्रत्येक डोसाची वेळ, मिलिग्रॅम, आणि एका शब्दात कारण: दुखणं, झोप, कंटाळा, टर्की. चौथ्या दिवशी वाचा. निम्म्याहून जास्त ओळींपुढे ‘टर्की’ असेल, जागेपणी सहा तासांचं अंतर कुठेच सापडत नसेल, रात्री उठून घेतलेला डोस असेल, किंवा याआधी दोनदा कमी करायला जाऊन परत तिथेच आला असाल, तर वाट बघण्यात फायदा नाही. यातलं काहीच नसेल आणि महिन्याभरात मात्रा वाढलेली नसेल, तर वरची पायऱ्यांची पद्धत घरी करून बघायला हरकत नाही. दोन पायऱ्या फसल्या की मात्र तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा.

डॉक्टरांनी क्रॅटॉमचं नाव ऐकलेलं नसणं अगदी शक्य आहे. त्यावर वाद घालू नका. नोंदीचा कागद आणि रिकामं पाकीट टेबलावर ठेवा आणि एवढंच सांगा: ‘मी रोज इतके मिलिग्रॅम ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन घेतो. हे म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर काम करतं. इतके महिने झाले. शेवटची गोळी आज इतक्या वाजता. सोबत ही ही औषधं आणि इतकी दारू.’