किंमत हिडन फील्डमध्ये लपत नाही, वहिनी

‘कोडिंग न शिकता पाच मिनिटांत ऑर्डर फॉर्म’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. परळच्या वहिनीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘भाऊजी, दिवाळीच्या फराळासाठी हेच करू का?’ नको. आणि आता सोसायटीच्या ग्रुपवरही तोच आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात भयंकर सल्ला हा: ‘किंमत हिडन फील्डमध्ये ठेवा, गिऱ्हाइकाला दिसत नाही.’ हिडन फील्ड म्हणजे फॉर्ममधला पानावर न दिसणारा रकाना. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी राइट क्लिक केलंय का? पानावर राइट क्लिक, मग इन्स्पेक्ट, की ती ओळ समोर हजर: टाइप (रकान्याचा प्रकार) हिडन, व्हॅल्यू 600. त्या 600 वर डबल क्लिक करून 6 लिहायचं आणि सबमिट दाबायचं. सर्व्हरला, म्हणजे फॉर्म जिथे जातो त्या कंप्युटरला, 6 पोचतात. बिल त्यावरच निघत असेल तर किलोभर चकली सहा रुपयांत गेली. याला हॅकर लागत नाही, दहावीतलं पोरगं पुरे. फॉर्ममधून फक्त काय हवं आणि किती हवं एवढंच घ्या. भाव सर्व्हरवरच्या यादीतून काढा.

‘रिक्वायर्ड लिहिलं की चुकीची माहिती येऊच शकत नाही’ हाही त्याच जातीचा दावा. रिक्वायर्ड म्हणजे ‘हा रकाना भरायलाच हवा’ असं ब्राउझरला सांगणारा शब्द, आणि तोही तसाच पुसता येतो. ब्राउझरवाले ज्या एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) स्टँडर्डप्रमाणे चालतात, त्यातच स्पष्ट म्हटलंय की सर्व्हरने ब्राउझरच्या तपासणीवर विसंबू नये. हां, रिक्वायर्ड आणि टाइप ईमेल कामाचे आहेत, एवढं मान्य करावं लागेल. जावास्क्रिप्टशिवाय, म्हणजे पानात वेगळा प्रोग्राम न लिहिता, चालतात, घाईत रिकामा राहिलेला रकाना जागच्या जागी पकडतात. ठेवा. फक्त तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा.

पुढे म्हणे ‘आकडे असतील तिथे टाइप नंबर’. पिनकोडला? त्या रकान्यात वर-खाली बाण येतात. चुकून वरचा दाबला गेला की 400012 चं 400013, म्हणजे परळचा डबा डिलाईल रोडला! स्टँडर्डची कसोटी सोपी आहे: जिथे असे बाण असण्याला अर्थ आहे तिथेच नंबर. म्हणजे ‘किती किलो’ला चालेल. मोबाइलला टाइप टेल (फोन नंबरचा प्रकार) द्या, पिनकोडला साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक. फोनवर आकड्यांचा कीपॅड तरीही येतो.

प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यात दिसणारा फिका मजकूर) असला की लेबल (रकान्याचं नाव) नको, हेही चूक. टाइप करायला लागलं की प्लेसहोल्डर गायब, मग रकाना कशाचा होता ते आठवत बसा. स्टँडर्डमध्ये याचीही मनाई आहे.

‘गेट किंवा पोस्ट, काहीही चालतं’ म्हणे. हे फॉर्म पाठवायचे दोन मार्ग. गेटने पाठवलेला पत्ता आणि मोबाइल यूआरएलमध्ये (वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये) उघडा पडतो, तिथून ब्राउझरच्या हिस्टरीत जातो. ऑर्डरला पोस्टच.

आणि शेवटचा मुद्दा, ‘आधार नंबरही मागून ठेवा, कधीतरी उपयोगी पडतो’. चकलीला?