शिल्प घ्यायचंय? मग तळहातावर मावेल असंच बघा

इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प घ्यायचं मनात असेल तर एक करा, रस्त्यावर उभं असलेल्याकडे ढुंकूनही बघू नका. ते फुकटात दिसतं, आणि फुकटात दिसतं त्याला लोक कला म्हणत नाहीत, 'ते भोक पाडलेलं काहीतरी' म्हणतात. तुम्ही सरळ लिलावात जा आणि मॉडेल घ्या.

मूरसाहेब हाडं, गारगोट्या गोळा करायचे, त्यावरून माती नाहीतर प्लास्टरचं हातात मावेल एवढं मॉडेल, मग मधला साइझ, मग असिस्टंट पोरं ते वाढवणार आणि शेवटी ब्रॉन्झमध्ये ओतकाम, तेही एकच नाही, एका साच्यातून पाच-सहा नग सहज. म्हणजे तुमचं ब्रॉन्झ मॉडेलसुद्धा बहुधा प्रतच, पण कडेला सही आणि 4/9 (म्हणजे नऊ नगांतला चौथा) असा नंबर कोरलेला असला की तिला प्रत म्हणणारा अडाणी ठरतो.

आता मोठ्याचं काय होतं ते बघा. लंडन काउंटी कौन्सिलने 1962 मध्ये मूरची 'ड्रेप्ड सीटेड वुमन' (वस्त्र ल्यालेली, बसलेली बाई) घेतली, गरीब वस्तीतल्या लोकांनाही बघायला मिळावं म्हणून त्याने ती बाजारभावापेक्षा स्वस्तात दिली (हा त्याचा धंद्यातला भोळेपणा) आणि ती स्टेपनीतल्या स्टिफर्ड इस्टेटमध्ये बसवली. पोरं तिच्या अंगाखांद्यावर चढायची, लोकांनी नाव पाडलं ओल्ड फ्लो. 1997 ला बिल्डिंगी पाडायच्या ठरल्या, बाई गेली यॉर्कशायरला, आणि तिची आठवण त्या भागाच्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलला जोरात आली ती 2012 मध्ये, बजेटला भोक पडल्यावर! विकली तर 2 कोटी पौंडांपर्यंत येतील असा आकडा फुटला आणि मग काय, तिच्यावर माया असणारे एकदम कुठून कुठून उगवले, लंडनच्याच ब्रॉम्ली कौन्सिललाही आठवलं की ती खरं तर आपलीच. कोर्टाने 2015 ला ती टॉवर हॅम्लेट्सची ठरवली, तोवर मेयर बदलला होता, विक्री रद्द. 2017 ला ती कॅनरी वॉर्फमध्ये जाऊन बसली, बँकवाल्यांच्या ऑफिसांमध्ये.

तरी मोठंच हवं असा हट्ट असेल तर वजनकाट्याचा पण विचार करून ठेवा. डिसेंबर 2005 मध्ये मूरच्याच फाउंडेशनच्या आवारातून 'रिक्लाइनिंग फिगर' (रेललेली आकृती) चोरांनी क्रेनने लॉरीत टाकून नेली, 2 टनांच्या वर माल, किंमत 30 लाख पौंड. पोलिसांचा अंदाज असा की कापून, वितळवून भंगारात गेली, 1,500 पौंडांच्या आतच.

म्हणून सांगतो, छोटं घ्या. काचेच्या पेटीत ठेवा, पोरांना लांब ठेवा, कुठून बघायचं ते कोणी विचारलं तर 'सगळीकडून' म्हणा. आणि 4/9 लिहिलेली बाजू तेवढी पाहुण्यांकडे करा.