ईराच्या पुढे काय लावावं?

मुलगी झाली, अभिनंदन. नाव 'ईरा' ठरलंय, हे फॅमिली ग्रुपवर कळलं. उत्तम नाव. दोनच अक्षरं, त्यामुळे केकवाल्याला क्रीम कमी लागेल. पणजी सत्यभामा, आजी शालिनी, आई अश्विनी आणि आता ईरा. याच वेगाने घराणं पुढे गेलं, तर तुमची पणती नुसत्या वेलांटीवर भागवेल.

आता तुम्हाला काळजी अशी, की नाव फार आखूड झालं, मग मधलं नाव जरा भारदस्त नको का? सिंगापूरच्या चुलतभावाने यादीही पाठवलीय म्हणे. ईरा रोझ, ईरा ग्रेस. ती यादी जपून ठेवा, पोळ्यांच्या डब्यात तळाला घालायला कागद लागतोच. आपल्याकडे मधलं नाव निवडायचं नसतं. ते आधीच लुंगी नेसून सोफ्यावर पेपर वाचत बसलेलं असतं.

वहिनी, हे खास तुमच्यासाठी. मधलं नाव निवडायची खरी वेळ कांदेपोह्यांची होती. स्थळ बघताना तुम्ही रास बघितली, पगार बघितला, पार्ल्याचं घर मालकीचं की भाड्याचं हेही आडून विचारून घेतलंत. पण मुलाचं नाव एखाद्या दोन अक्षरी नावापुढे लावून मोठ्याने म्हणून पाहिलंत का? नाही ना! मग आता भोगा. शाळेत बाई हजेरी घेतात ती एका दमात, आणि संधीचे नियम बाईंच्या बापालाही चुकलेले नाहीत. आ अधिक अ, दीर्घ आ. नवरा अमोल असेल, तर पोरगी 'ईरामोल' होते, म्हणजे जेवणानंतर एक, दिवसातून दोन वेळा. अक्षय असेल तर 'ईराक्षय'. नाव अक्षय, आणि संधी झाली की पोरीला क्षय! इंद्रजित असेल तर गुणसंधी होऊन 'ईरेंद्रजित' नावाचा मुलगाच वर्गात उभा राहतो. राहुलही नको. 'ईरा राहुल' म्हणताना पावसात बंद पडलेली स्कूटर चालू करतोय असं वाटतं. निखिल, मंदार, प्रसाद हे सुरक्षित. पण ती स्थळं तुम्ही नाकारलीत.

यावर उपाय आहे. बापाचं नाव बदला. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देता येते. रीतसर अर्ज करा, फी भरा, की झालं. मुलीचं आणि बापाचं बारसं एकाच हॉलमध्ये उरकेल. जेवणावळीचा खर्च वाचेल तो वेगळाच.

आजोबांना मध्ये घेऊ नका. ते पारस्कर गृह्यसूत्र, म्हणजे घरातल्या संस्कारांचा जुना संस्कृत ग्रंथ, काढतील. त्यात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं आहे. ईरा आकारान्त आहे पण अक्षरं सम, म्हणजे पन्नास टक्के गुण. गुरुजींनी हस्त नक्षत्राचा तिसरा चरण काढला, तर नावरास नाव 'ण' वरून येईल. मग बसा शोधत.

आता खरी मेजवानी. 11 मार्च 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येईल, मग वडिलांचं, मग आडनाव. मंत्रालयात मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेरची पाटीसुद्धा तेव्हा 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे' झाली. निर्णय चांगलाच आहे, माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला भारदस्त मधलं नाव हवं होतं, सरकारने दोन दिली.

फक्त आईचं नाव काय, एवढं घरात ठरवून मग वॉर्ड ऑफिसला जा. हसू नका. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'स्वरा' असं कोरलं होतं, आठवतंय? फोटोग्राफरने ते तीनदा कोरायला लावलं होतं. सासूबाई 'स्वरा' म्हणतात. आधार कार्डावर अश्विनी आहे. बँकेत अश्विनी आणि पुढे माहेरचे बाबा, कारण सही बदलायला शाखेत जायला वेळ मिळालेला नाही. रेशन कार्डावर सासऱ्यांनी हौसेने स्वरा लिहून आणलं. खिडकीतल्या बाईंनी "आईचं नाव?" विचारलं, की नवरा बायकोकडे बघतो, बायको सासूकडे बघते आणि मागची रांग घड्याळाकडे. अशा वेळी माझा सल्ला, जिच्या पोटात कळा आल्या तिला विचारा. पण हे सासूबाईंसमोर विचारू नका.

एवढं करून बसवलेली दोन्ही मधली नावं किती वर्षं टिकतात, हेही बघून घ्या. त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईसाठी जुनीच पद्धत ठेवलीय. तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे अश्विनी आणि तिचा नवरा दोघेही ईराच्या नावात भाडेकरू, करार साधारण लग्नापर्यंत. पुढे कोण येणार ते तुमच्या हातात नाही. अगदीच चैन पडत नसेल, तर वरची संधीची यादी लॅमिनेट करून पोरीच्या कपाटात ठेवा. होणारा अमोल की प्रसाद, ते तिला वेळेवर कळेल.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव घालायला वर्षभर फी लागत नाही आणि विलंब शुल्क भरलं तर 15 वर्षांपर्यंत मुभा आहे. सरकार 15 वर्षं थांबतं, आत्या बाराव्या दिवसापलीकडे थांबत नाही. ती सुरतेहून रात्रीच्या गाडीने निघालीय.

तिच्या हातात चारही नावांचा कागद देऊ नका. पाळण्यात वाकून ती कानात कुर्रर्र करते, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका पाठीत धपाटे घालत असतात. 'ईरा'ला दोन धपाटे पडतात. आडनावापर्यंत पोचली, तर पाठीला तेल लावून द्यायला तुम्हालाच बसावं लागेल.