आत्याचा फोन आणि स्प्लायसोसोम

खानापूरहून आत्याचा फोन आमच्या बेळगावात आला की मी आधी खुर्ची ओढतो, मग चार्जर शोधतो. सांगायचं असतं एवढंच, "रविवारी अकराला साखरपुडा आहे, येताना गोडाला कुंदा घेऊन ये की." पण 'रविवारी'पासून निघालेली आत्या 'अकराला'पर्यंत पोचेस्तोवर वाटेत शेजारची म्हैस लागते, "मुंद होग्री" म्हणून ढोसणारा कंडक्टर लागतो, आणि कुणाचं तरी कधीकाळी मोडलेलं लग्नही लागतं.

त्या संध्याकाळी लेक एम.एस्सी.च्या सेमिनारची तालीम करत होती. श्रोता मी एकटा. विषय, स्प्लायसोसोम.

"बाबा, पेशीत जनुकाची पहिली आरएनए नक्कल निघते ना, ती सेम आत्याआजीचा फोन असते."

मी सावरून बसलो. कामाचं ते एक्सॉन, मधलं पाल्हाळ ते इंट्रॉन. 1977 साली शार्प आणि रॉबर्ट्स यांना हे वेगवेगळं काम करताना सापडलं, 1993 साली नोबेल मिळालं. स्नायूंतल्या डिस्ट्रोफिनचं जनुक बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं. काटछाट करून उरतात जेमतेम चौदा हजार. एक नक्कल काढायलाच सोळा तास! आत्याला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

कापणारं यंत्र, म्हणजे हा स्प्लायसोसोम, तर अजबच. यू1, यू2, यू4, यू5, यू6 असे पाच छोटे आरएनए (यू3 कुठं गेला म्हणून विचारलं तर लेकीनं डोळे वटारले) आणि शंभरावर प्रथिनं. हे आयतं उभं नसतं. दर इंट्रॉनला नव्यानं जमतं आणि काम झालं की पांगतं, आमच्याकडच्या मांडववाल्यांसारखं. यू1 इंट्रॉनची सुरुवात हेरतो, यू2 आतली एक जागा धरतो. यू6ला यू4 बगलेत मारूनच आणतो. तो बाजूला झाला की यू6 मोकळा, आणि यू2च्या साथीनं कात्री चालवतो. म्हणजे एवढी प्रथिनं मांडव धरून उभी, अन् कापतो शेवटी आरएनएच! कापलेला इंट्रॉन फास होऊन गळून पडतो. लेकीनं चार्जरच्या वायरीचा फास करून दाखवला, तेवढ्यात फोन वाजला.

मी स्पीकर लावला आणि कात्री उपसली. "रविवारी," ठेवलं. म्हैस व्याली, कापलं. "त्या शहापूरच्या हॉलवाल्यानं काय केलं म्हाईत हाय काय," कापलं. अकरा, ठेवलं. कुंदा, ठेवलं.

रविवारी पावणेअकराला कुंद्याचा बॉक्स घेऊन मी शहापूरच्या हॉलात शिरलो. आत कुणाचं तरी बारसं. मुलाच्या आजोबांनी माझ्या हातातला बॉक्स प्रेमानं काढून घेतला.

बायकोला फोन लावला, तर ती सकाळीच मुलीला घेऊन खानापुरात पोचलेली.

"अहो, हॉलवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं, म्हणून घरीच करायलेत. तुमच्यासमोरच तर सांगितलं की त्यांनी!"

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, एकाच नक्कलेतून दोन वेगळे निरोप निघतात. माणसाच्या बहुतेक जनुकांत चालतं हे!"

टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकून, नवा कुंदा मांडीवर घेऊन खानापूर गाठलं तेव्हा पंगती उठल्या होत्या. बायकोच्या पिशवीत स्टीलचा डबा दिसला, काठोकाठ भरलेला.

"हे काय?"

"खरवस. म्हैस व्याली म्हणाल्या नव्हत्या काय? मी डबा घेऊनच आले."

ताटातला संपला होता. डबा शेजारणीसाठी होता.