‘मधला माणूस’ म्हणण्याआधी

मासळीच्या भावावर बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "मधले दलालच सगळं खातात." हे ऐकलं की मला टोचतं. माझे बाबा आयुष्यभर छोट्या गावात मासळीचा व्यापार करत होते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

धान्याच्या व्यापाऱ्याला भाव पडला तर गोदामाला कुलूप लावून थांबता येतं. मासळीवाल्याला ती सोय नाही. तारलीसारखी बारीक, तेलकट मासळी काही तास उन्हात राहिली की तिच्याच पोटातले पाचकरस तिचं पोट फोडतात. बांगडा किंवा ट्युना उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. त्याचा वास येईलच असं नाही आणि मासा कितीही शिजवला तरी ते जात नाही. म्हणजे चुकीचा माल विकला गेला तर कुणाच्या तरी घरचं ताट बिघडतं.

बाबा पहाटे बंदरावर जायचे. लिलाव सुरू होण्याआधी पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा मासा वर काढायचे, अंगठ्याने कल्ला उचलून बघायचे आणि पोट दाबायचे. वरचे चार मासे सगळेच चांगले लावतात. बर्फाच्या बाबतीत तर ते फार काटेकोर होते. बारीक फोडलेला बर्फ, मग मासळी, परत बर्फ, असे थर. पेटीच्या तळाला भोकं हवीतच. "बर्फ रडला पाहिजे, पण त्या पाण्यात मासा बसता कामा नये," असं ते गड्यांना सांगायचे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, हे मी पुढे शाळेत शिकलो. बाबांना आकडा माहीत नव्हता, काम माहीत होतं.

आता उचलीबद्दल. हे मी लपवणार नाही. हंगामाआधी डिझेल, जाळी, इंजिनाची दुरुस्ती यासाठी होडीवाले व्यापाऱ्याकडून पैसे उचलतात, आणि मग मासळी त्यालाच घालावी लागते. साहजिकच भाव ठरवताना त्याचं पारडं जड राहतं. यावरून माझे आणि बाबांचे कडाक्याचे वाद झालेत. मला आजही वाटतं, उचल आणि भाव यांचे हिशेब वेगळे असले पाहिजेत. पण रात्री इंजिन बंद पडलेला माणूस कुणाचं दार वाजवतो, हेही मी पाहिलंय. तारण नाही, उद्या किती मासळी मिळेल याचा भरवसा नाही, अशाला कर्ज कोण देणार? दुसऱ्या टोकाला हॉटेलवाले आणि किरकोळ विक्रेते माल उधारीवर नेणार. बाबांचे पैसे दोन्हीकडे अडकलेले असायचे.

केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले, तेव्हा काय घडलं याचा एक नावाजलेला अभ्यास आहे. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जायची आणि त्याच दिवशी शेजारच्या बंदरावरून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. फोन आले आणि ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. भाव लपवून जगणाऱ्यांचं यात नुकसान झालं असेल तर ते योग्यच झालं. पण फोन भाव सांगतो. बर्फ, गाडी, हमाल आणि संध्याकाळची रोकड कुणालातरी उभी करावीच लागते.

एकदा आमचा टेम्पो वाटेतच बंद पडला. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, बर्फाचं पाणी झालं. पेट्या उघडल्यावर एकजण म्हणाला, सुकवायला तरी देऊन टाकू. बाबांनी दोन कल्ले उचलून पाहिले आणि खड्डा खणायला सांगितलं. संध्याकाळी होडीवाल्यांचे पैसे मात्र ठरल्या भावाने चुकते केले. आईने विचारलं, "सगळ्यांना दिलेत?" ते "हो" म्हणाले.

रात्री ओट्यावर बसून ते नखांत अडकलेले खवले काढत होते. मी जेवायला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "आधी बर्फवाल्याला फोन लावून दे. उद्या चार लाद्या जास्त लागतील."